फुटलेला पडदा आणि जुळणारे सुटे भाग

घरातला विजेचा दिवा गेला, म्हणजे आपण काय करतो? बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी जातो आणि दुकानदारास म्हणतो, "एक दिवा द्या." घरचा होल्डर कोणत्या कंपनीचा, हे तो विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. दोन खुंट्यांचा तो दिवा घरी आणायचा, होल्डरात दाबून किंचित फिरवायचा, की लागला उजेड! यात काही नवल आहे असे आपणांस वाटतसुद्धा नाही.

आता त्याच्या शेजारी आपली जुनी लाकडी बैलगाडी उभी करून पाहा. एका गाडीचे चाक मोडले, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचे चाक काढून तिच्या आखात घातले, तर ते बसेलच असा भरवसा नाही. कदाचित दोन्ही गाड्या एकाच सुताराने केलेल्या असतील, एकाच बाभळीच्या लाकडाच्या असतील. तरीही बसणार नाही. कारण सुताराने तुंबा, आरे आणि पुठ्ठे त्या त्या गाडीपुरते एकमेकांशी जुळवून तासलेले असतात. त्याचे माप त्याच्या हातात आणि नजरेत असते. कागदावर ते कधी उतरलेलेच नसते. सुतार गेला, की माप त्याच्याबरोबर गेले.

वाचकहो, आज मला आपल्याशी ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे, ती ना दिवा आहे ना बैलगाडी. ती आहे लॅपटॉपचा पडदा. पुष्कळ शाळांतून आता हे यंत्र आले आहे. मुले ते हाताळतात, दप्तराखाली येते, झाकणात पेन्सिल राहून जाते आणि वरून झाकण मिटले जाते. आणि मग एके दिवशी पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा व काळा डाग दिसू लागतो. 'झाले, यंत्र गेले,' असे म्हणून ते कपाटात ठेवले जाते, आणि तेथेच राहते. वास्तविक पुष्कळदा ते यंत्र गेलेले नसते. त्याचा पडदा काढून दुसऱ्याच कारखान्यात झालेला, पण मापाने जुळणारा पडदा बसविता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये हे काम करणारे कारागीर पिढीजात असावेत इतक्या सहजतेने ते करतात.

पण हे होते कसे? एका देशातील कंपनीच्या यंत्रात दुसऱ्या देशातील कंपनीचा पडदा बसावा आणि उजळावा, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. तो लढायांचा नव्हे, करारांचा आहे. म्हणूनच आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही.

या इतिहासाचा आरंभ मात्र लढाईच्या सामानातच झाला. अठराव्या शतकात बंदूक ही आपल्या बैलगाडीसारखीच होती. प्रत्येक बंदुकीचा चाप लोहाराने कानशीने घासून तिच्यापुरता बसविलेला असे. रणांगणावर एक कमान तुटली, तर अख्खी बंदूक निकामी. फ्रान्सच्या तोफखान्याचे सेनानी ग्रिबोव्हाल यांनी १७६५ पासून तोफा व त्यांचे गाडे ठरावीक मापाचे करण्यास आरंभ केला. त्यांच्याच आश्रयाने ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूक-कारागिराने चापाचे भाग साच्यांवर व मापांवर तपासून असे केले, की कोणताही भाग कोणत्याही चापात बसावा.

१७८५ साली थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला राहत होते. ते या ब्लाँकडे गेले. पन्नास चापांचे सुटे भाग निरनिराळ्या कप्प्यांत मांडून ठेवलेले होते. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जुळविले, आणि ते बिनचूक जुळले. ही हकीकत त्यांनी त्याच वर्षी ३० ऑगस्टला मायदेशी जॉन जे यांना पत्राने कळविली. दुरुस्ती किती सोपी होईल, हे त्या चतुर गृहस्थांच्या लगेच ध्यानात आले होते.

येथे शिक्षकबंधूंनी एका गोष्टीची नोंद घ्यावी. अनेक पुस्तकांतून सुट्या भागांच्या या पद्धतीचे जनकत्व अमेरिकेच्या एली व्हिटनी यांना दिलेले आढळते. व्हिटनी यांनी १७९८ मध्ये दोन वर्षांत १०,००० बंदुका करून देण्याचा करार केला, आणि १८०१ साली वॉशिंग्टनमध्ये बड्या मंडळींपुढे सुटे चाप जुळवून दाखविले, हे खरे. परंतु शेवटची बंदूक सरकारच्या हाती पडण्यास १८०९ साल उजाडले. आणि त्यांच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका विसाव्या शतकात अभ्यासकांनी उघडून पाहिल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीत बसत नाहीत असे दिसून आले. ही पद्धत खऱ्या अर्थाने कारखान्यात उतरविली ती हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत जॉन हॉल यांनी, १८२० च्या दशकात. यंत्रे तर त्यांनी केलीच; परंतु खरा भर दिला तो मापांवर. प्रत्येक भाग ठरावीक मापातून गेला पाहिजे, अधिक नाही आणि उणा नाही. सभेत दहा भाग जुळवून दाखविणे निराळे आणि दहा हजार भाग जुळणारे करणे निराळे. इतिहासात टाळ्या पहिल्याला मिळतात, उपयोग दुसऱ्याचा होतो.

एका कारखान्यातले भाग एकमेकांस जुळू लागले. पण एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रास जुळेल काय? हा त्यापुढचा, आणि अधिक अवघड प्रश्न. तो अवघड अशासाठी, की येथे नुसती कानस आणि यंत्र पुरत नाही. दोन धन्यांचे एकमत व्हावे लागते.

साधा स्क्रू घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याच्या नट-बोल्टाचे आटे निराळे होते. मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले, आणि त्यांच्या मध्यावर येईल असे एक माप १८४१ साली स्थापत्यविशारदांच्या संस्थेपुढे मांडले. आट्याचा कोन ५५ अंश. कोणाचेच माप पुरते स्वीकारले नाही, म्हणून कोणाचा अपमानही झाला नाही! इंग्लंडातील कारखान्यांनी ते हळूहळू मान्य केले. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, करावयास सोपा असा आटा सुचविला आणि तिकडे तो रूढ झाला. झाले! दोन देश, दोन आटे. दुसऱ्या महायुद्धात हे दोन्ही देश खांद्याला खांदा लावून लढत होते, परंतु एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नव्हता. अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समाईक आटा मान्य केला. एका स्क्रूसाठी तीन राष्ट्रांना करार करावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माप न जुळल्यामुळे काय अनर्थ होतो, याचे उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने पाहिले. १९०४ च्या फेब्रुवारीच्या ७ तारखेस तेथे मोठी आग लागली. वॉशिंग्टनहून आगगाडीने बंब धावले, फिलाडेल्फियाहून व न्यू यॉर्कहून धावले. माणसे होती, बंब होते, पाणी होते. पण त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नळ्यांचे तोंड बाल्टिमोरच्या रस्त्यावरील नळांना बसेना. तीस तासांच्या सुमारास आग जळत राहिली आणि दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. मागाहून चौकशी केली, तेव्हा त्या देशात नळ्यांच्या जोडांचे सहाशेंहून अधिक प्रकार निघाले.

आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही. कुर्डुवाडी स्टेशन आठवा. मुंबईकडून येणारी मोठी गाडी साडेपाच फुटी रुळांवरून यायची, आणि १८९७ साली सुरू झालेली बार्शीची छोटी गाडी अडीच फुटी रुळांवरून धावायची. डबा पुढे जाऊच शकत नसे. म्हणून प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. पुढे कुर्डुवाडी-लातूर मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या रुळांचा झाला, तेव्हा कोठे ही कसरत थांबली. आणि शेर-मणांची गोष्ट तर वडीलधाऱ्यांनी ऐकलेली असेलच. एका पेठेचा मण दुसऱ्या पेठेत चालत नसे, आणि नुकसान व्हायचे ते शेतकऱ्याचे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात किलो आणि मीटर आले, १९५७ साली दशमान नाणी आली, आणि तो गोंधळ मिटत गेला. तात्पर्य, माप एक होते तेव्हा सर्वांत अधिक लाभ दुबळ्याचा होतो. सबळाला आपले माप चालविता येते; दुबळ्याला दुसऱ्याचे चालवून घ्यावे लागते.

आता आपण पडद्याकडे वळू. कारण लॅपटॉपचा पडदा हा या साऱ्या इतिहासाचा वारस असला, तरी त्याचे स्वतःचे कुळही पाहण्यासारखे आहे.

त्याचा मूळपुरुष वनस्पतिशास्त्रज्ञ होता, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिख राइनिट्झर हे गाजरापासून मिळविलेल्या एका पदार्थावर प्रयोग करीत होते. तो पदार्थ सुमारे १४५ अंश सेंटिग्रेडला वितळला, पण गढूळ राहिला. आणि १७८ अंशांच्या पुढे गेल्यावर एकाएकी निवळला. एका पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? त्यांनी तो नमुना जर्मनीतील ओटो लेमान यांच्याकडे पाठविला. लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरविले, की हा द्रवासारखा वाहतो, पण याचे कण स्फटिकासारखे रांगेत उभे राहतात. हाच 'द्रवस्फटिक'. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे हा पदार्थ विद्वानांचे कुतूहल म्हणूनच राहिला.

१९६८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेने, जॉर्ज हाइलमायर यांच्या पुढाकाराने, द्रवस्फटिकावर चालणारा दर्शक जगापुढे मांडला. १९७० च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फरिख यांनी अधिक चांगल्या युक्तीचे पेटंट मागितले. १९७३ साली इंग्लंडच्या हल विद्यापीठातील जॉर्ज ग्रे यांनी नेहमीच्या हवामानात टिकणारे द्रवस्फटिक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी जपानच्या शार्प कंपनीने असा दर्शक असलेले खिशातील गणकयंत्र बाजारात आणले. या वंशावळीत एक नाव आपल्याही देशाचे आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शि. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे दाखवून दिले. पुढे अशाच चकत्यांच्या पातळ फिती पडद्यांवर लावण्यात आल्या. पडदा बाजूने पाहिला तरी चित्र नीट दिसावे, यासाठी त्यांचा उपयोग झाला.

ही युक्ती आहे तरी काय? झडपांची खिडकी आपण पाहिली असेल. झडप उघडली की उजेड आत येतो, मिटली की थांबतो. पडद्यात काचेच्या दोन अगदी पातळ पत्र्यांमध्ये द्रवस्फटिक भरलेला असतो, आणि विजेच्या इशाऱ्याने त्याचे कण वळून उजेडाला वाट देतात किंवा अडवितात. उजेड मागच्या दिव्याचा. स्फटिक स्वतः प्रकाशत नाही. अशा झडपा किती? साध्या पडद्यात आडव्या रांगेत १३६६ आणि उभ्या रांगेत ७६८ ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडी, हिरवी व निळी अशा तीन झडपा. गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा; उत्तर एकतीस लाखांवर जाते. काच फुटली म्हणजे त्या झडपांकडे जाणाऱ्या बारीक तारा तुटतात आणि स्फटिकाची बंद पेटी फुटते. म्हणून फुटलेला पडदा सांधता येत नाही. तो पुरताच बदलावा लागतो.

उचलून नेण्याजोगी गणकयंत्रे १९८० च्या दशकात आली. १९८१ च्या ऑसबॉर्न यंत्राचे वजन अकरा किलोंच्या आसपास होते, आणि त्याचा पाच इंची पडदा दूरदर्शन संचासारख्या काचेच्या नळीचा होता. १९८२ साली ग्रिड कंपनीचे पाटीसारखे मिटणारे यंत्र आले. पुढे १९८८ साली शार्पने १४ इंची रंगीत पातळ पडदा करून दाखविला, आणि १९९२ साली आयबीएमच्या थिंकपॅडवर १०.४ इंची रंगीत पडदा आला. त्या काळात मात्र प्रत्येक यंत्राचा पडदा त्याच्यापुरता असे. जोडणीच्या तारा निराळ्या, भोकांच्या जागा निराळ्या, दिव्याची व्यवस्था निराळी. पुन्हा बैलगाडीचे चाक!

हे पालटले कशामुळे? मुख्य कारण अर्थशास्त्राचे आहे. पडद्याचा कारखाना उभारणे हे अवाढव्य खर्चाचे काम. म्हणून लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या, पण पडदे करणारे कारखाने मोजकेच राहिले. आधी जपानात, मग कोरियात व तैवानात, आणि नंतर चीनमध्ये. कारखानदाराला वाटे, एकच माप दहा गिऱ्हाइकांना विकावे. गिऱ्हाइकाला वाटे, एका कारखान्यावर विसंबून राहू नये, दुसऱ्याचाही माल आपल्या यंत्रात बसावा. शिवाय पडदे काचेच्या मोठ्या तावांतून कापून काढतात. शिंपी कापड बेततो, तशी काच बेतावी लागते. ज्या मापात कातरण कमी जाते, तेच माप स्वस्त पडते. दोघांचा स्वार्थ एका ठिकाणी आला, आणि त्यातून एकमत जन्मास आले.

हे एकमत टप्प्याटप्प्याने झाले. १९८९ साली वेसा नावाची कंपन्यांची मानक-संस्था निघाली. १९९४ मध्ये तिने अशी सोय ठरविली, की पडद्यातील एका लहानशा स्मृतिपट्टीत त्याचे नाव-गाव, त्याचे आकारमान आणि ठिपक्यांची संख्या लिहिलेली असावी. यंत्र सुरू होताच ते पडद्याला विचारते, 'तू कोण?' आणि पडदा उत्तर देतो. त्याच सुमारास कमी दाबाच्या विजेवर तारांच्या जोड्यांतून इशारे पाठविण्याची एलव्हीडीएस ही रीत मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि पुढे पुष्कळ वर्षे लॅपटॉपचे पडदे तिच्यावर चालले. शतक पालटण्याच्या सुमारास लॅपटॉप करणाऱ्यांनी एक कार्यगट स्थापून पडद्याची लांबी-रुंदी, स्क्रूच्या जागा आणि पिनांचा क्रम यांवर एकमत केले. २००८ च्या डिसेंबरात वेसाने ईडीपी ही नवी जोडणी जाहीर केली, आणि पुढील काही वर्षांत तिने जुन्या रीतीची जागा घेतली. मागचा दिवाही नळीचा जाऊन एलईडीचा आला. आज कारागीर आपल्या खणातून पडदा काढतो आणि बसवितो, तेव्हा तो या साऱ्या ठरावांचा लाभ घेत असतो. त्याला ती नावे ठाऊक असोत वा नसोत.

आता थोडे व्यवहाराचे. शाळेतील यंत्राचा पडदा फुटला, तर प्रथम ते दुसऱ्या बाहेरच्या पडद्यास किंवा प्रोजेक्टरला जोडून पाहावे. तेथे चित्र नीट आले, तर यंत्राचा मेंदू शाबूत आहे. दोष पडद्यात किंवा त्याच्या तारेत आहे. मग कारागिराकडे जाऊन पुढील गोष्टी जुळतात काय, हे विचारावे. पहिली, आकारमान, आणि नुसते 'साडेपंधरा इंची' म्हणून भागत नाही. १५.६ इंची पडदेच सुमारे ३६० मिलिमीटर रुंदीचे आणि ३५० मिलिमीटर रुंदीचे असे दोन प्रकारचे असतात. दुसरी, ठिपक्यांची संख्या. तिसरी, जोडणीची रीत, म्हणजे एलव्हीडीएस की ईडीपी. चौथी, पिना ३० की ४०, आणि जोडाची जागा डावीकडे की उजवीकडे. पाचवी, पडदा धरून ठेवणारे कान: काहींना स्क्रूसाठी पत्र्याचे कान असतात, काही नव्या पडद्यांना ते नसतात आणि ते चिकटपट्टीवर बसतात. जुन्या पडद्याच्या पाठीवर एक चिठ्ठी असते. तिच्यावरील क्रमांक हीच त्याची जन्मपत्रिका. तो क्रमांक उतरून घेतला, की निम्मे काम झाले.

एक इशारा मात्र विसरू नये. जे बसते ते चालतेच, असे नाही. जुन्या रीतीच्या पडद्याचा ४० पिनांचा जोड आणि नव्या रीतीचा ४० पिनांचा जोड दिसायला सारखेच असू शकतात, एकमेकांत शिरतातही, पण आतल्या तारांचा अर्थ निराळा असल्यामुळे पडदा उजळत नाही, आणि फ्यूज किंवा पडदा जळण्याचा धोका असतो. दोन माणसांनी एकच शब्द उच्चारावा आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असावा, तसे ते आहे. शिवाय पडदा सोडविण्यापूर्वी बॅटरीचा जोड काढलाच पाहिजे. आणि जुन्या यंत्रातील नळीच्या दिव्यात पारा असतो, तेव्हा तो पडदा उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा.

येथवर सारे गोड वाटेल. परंतु इतिहासात एकदा मिळालेली गोष्ट कायमची मिळते, असा नियम नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत वारे उलट्या दिशेनेही वाहू लागले आहेत. यंत्र पातळ करण्याच्या हौसेने काही कंपन्या पडदा, त्यावरील काच आणि झाकण एकजीव चिकटवून टाकतात. मग एक भाग फुटला तरी सारे झाकणच बदलावे लागते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की काही यंत्रांत सुट्या भागाचा क्रमांक यंत्राच्या स्मृतीशी जखडलेला असतो. २०२१ साली एका नामांकित मोबाइल फोनमध्ये असे आढळले, की दुसरा अस्सल पडदा बसविला तरी चेहरा ओळखण्याची सोय बंद पडते. ओरड झाली, तेव्हा कंपनीने ती अट काढली. म्हणजे माप जुळते, पिना जुळतात, वीज जुळते; तरी यंत्र म्हणते, 'तुला मी ओळखत नाही.' ब्लाँच्या कप्प्यांतील चाप असे कधी म्हणाले नसते!

याचा धक्का शहरातील श्रीमंताला फारसा बसत नाही. तो नवे यंत्र घेतो. धक्का बसतो तो लहान गावातल्या शाळेला आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील त्या कारागिराला, ज्याचे पोट दुरुस्तीवर चालते. म्हणून आता राज्यकर्त्यांनीही यात लक्ष घातले आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, त्यांत लॅपटॉपही आले, ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत या प्रश्नावर समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. या कामासाठी निवडलेल्या क्षेत्रांत मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबर शेतीची अवजारेही आहेत, ही गोष्ट आपल्या शेतकरी बंधूंनी लक्षात ठेवावी. ट्रॅक्टरचा सुटा भाग आणि लॅपटॉपचा पडदा यांचा प्रश्न एकच आहे: मी विकत घेतलेल्या वस्तूचे माप मला कळणार की नाही?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. फुटलेला पडदा बदलून झाला, की जुना पडदा लगेच देऊन टाकू नये. कडा कागदी पट्टीने झाकून, काचेला हात लागू न देता, तो एक दिवस वर्गात आणावा. त्याच्या पाठीवरची चिठ्ठी मुलांना वाचू द्यावी. पिना मोजू द्याव्यात. शेजारी एक नट आणि एक बोल्ट ठेवावा, विजेचा दिवा ठेवावा, आणि विचारावे: हे एकमेकांना बसावेत, असे कोणी आणि कोणाशी ठरविले? राजांच्या वंशावळी मुले पाठ करतातच. ही वंशावळ कळली, तर आपल्या रोजच्या जगण्याचा किती मोठा भाग दूरदेशीच्या अनोळखी माणसांच्या समजुतीवर उभा आहे, हे त्यांच्या ध्यानी येईल.

सुताराने गाडीचे चाक तासले, तेव्हा त्याचे कौशल्य थोर होते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याचे माप त्याच्याबरोबर गेले. व्हिटवर्थ यांनी माप लिहून ठेवले, आणि ते सर्वांचे झाले. लिहिलेले आणि सर्वांना खुले असलेले माप ही गरिबाची ठेव आहे. ती कोणी हलक्या हाताने काढून घेऊ लागला, तर आपण वेळीच विचारले पाहिजे. निदान पुढचे यंत्र शाळेसाठी घेताना दुकानदारास, 'दिसते कसे?' याबरोबरच 'याचा पडदा बदलता येतो का, आणि जुळणारा पडदा मिळतो का?' असे दोन प्रश्न जरूर विचारावेत. विचारणारे वाढले, की उत्तर देणे विक्रेत्यांना भाग पडते.